परिस्थिति माणसाला घडविते म्हणजे काय ?

आपल्या भाषेंत एकमेकींस खोट्या पाडणाऱ्या म्हणी पुष्कळ आहेत, आणि आपण त्या मोठ्या सोयीनें वापरतों. एखाद्या गरिबाचा मुलगा परीक्षेंत पहिला आला म्हणजे आपण म्हणतों, "चिखलांतून कमळ उगवलें." तोच मुलगा नापास झाला म्हणजे आपलेंच तोंड म्हणतें, "खाण तशी माती." पहिल्या वेळीं त्याचें घर चिखल ठरतें, दुसऱ्या वेळीं खाण ठरतें, पण त्या घरांत खरोखर काय चालतें हें पाहण्याचे कष्ट दोन्ही वेळां कोणी घेत नाहीं. बक्षीससमारंभास येणारे सन्माननीय पाहुणे तर तिसरेंच सांगतात : परिस्थितीवर मात करा ! हें वाक्य ऐकतांना पुढच्या रांगेंत बसलेल्या लहान मुलांचे चेहरे मीं अनेकदां न्याहाळले आहेत. परिस्थिति हा कोणी पैलवान असून त्याला चीत करावयाचें आहे, असा कांहींसा भाव त्यांवर दिसतो. सातारा-सांगलीकडच्या मुलांना कुस्ती चांगली समजते. मात्र ज्याचा पट काढावयाचा तो गडी आखाड्यांत नेमका कोठें उभा आहे, हें त्यांस कोणी दाखवीत नाहीं.

म्हणून ह्या अंकासाठीं लिहावयास बसतांना उपदेश बाजूस ठेवून, आपल्याच भागांतील कांहीं घरें वाचकांपुढें मांडावीं असें मीं ठरविलें. मुलांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, आज सांगली जिल्ह्यांत मोडणारे खानापूर, वाळवें, शिराळें, तासगांव हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांत होते. नाहींतर पुढील हकीकतींत गांवांचा घोटाळा होईल.

पहिलें घर साताऱ्याचें. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेंत शिक्षकाचें काम केलेले गृहस्थ सेवानिवृत्तीनंतर नोकरीनिमित्त साताऱ्यास येऊन राहिले. येथेंच १८९६ सालीं त्यांच्या पत्नी भीमाबाई वारल्या. धाकटे चिरंजीव भीमराव तेव्हां पांच वर्षांचे होते. आईवेगळ्या मुलांचा सांभाळ रामजींच्या भगिनी मीराबाई ह्यांनीं केला. ह्या घरांत संपत्ति नव्हती, पण रीत होती. सकाळसंध्याकाळ भजन होई. कबीराचीं पदें आणि तुकोबांचे अभंग मुलांच्या कानांवर पडत. आणि अभ्यासाच्या बाबतींत वडील कोणतीहि सबब ऐकून घेत नसत. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भीमरावांचें नांव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत इंग्रजी पहिलींत दाखल झालें. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल ह्या नांवानें ओळखली जाते, आणि तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

घरानें शाळेच्या दारापर्यंत पोंचविलें. दाराच्या आंत काय होतें तें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं पुढें स्वतःच लिहून ठेवलें आहे. वर्गांत बसावयाचें तें एका कोपऱ्यांत, घरून नेलेल्या गोणपाटावर. आणि तें गोणपाट सुद्धां सायंकाळीं परत घरीं आणावयाचें, कारण शाळा झाडणारा नोकर त्यास हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायानें नळ सोडावा तेव्हां पाणी मिळावयाचें. शिपाई हजर नसेल त्या दिवशीं तहान तशीच घेऊन बसावयाचें. गांवांत न्हावी होते, पण ह्या घरच्या मुलांचे केस थोरल्या बहिणीनेंच कापावयाचे. त्याच शाळेंत आंबेडकर आडनांवाचे एक शिक्षक होते ; ते आपल्या शिदोरींतील भाजीभाकर ह्या विद्यार्थ्यास देत, हीहि आठवण बाबासाहेबांनीं पुढें मोठ्या जिव्हाळ्यानें सांगितली. एकाच इमारतींत हें दोन्ही होतें.

आतां मसूरची हकीकत. ती पुष्कळांनीं ऐकली असेल, तरीहि पालकांनीं ती एकदां निराळ्या नजरेनें वाचावी अशी माझी विनंति आहे. १९०१ सालीं रामजी खटाव तालुक्यांतील गोरेगांव येथें खजिनदार होते. दुष्काळानें गांजलेल्या लोकांस काम मिळावें म्हणून सरकारनें तेथें तलावाचें खोदकाम काढलें होतें. उन्हाळ्याच्या सुटींत त्यांनीं मुलांस तिकडे बोलाविलें. भीमराव, त्यांचे थोरले बंधु आणि बहिणीचीं मुलें अशी मंडळी निघाली. प्रवासासाठीं घरानें काय काय केलें पाहा : नवे विलायती कापडाचे सदरे शिवले, चकचकीत टोप्या घेतल्या, रेशीमकांठी धोतरें आणलीं, नवीं पायताणें घेतलीं. सायंकाळीं पांचच्या सुमारास मुलें मसूर स्टेशनावर उतरलीं. पण न्यावयास कोणीच आलेलें नव्हतें. मुलांचें पत्र रामजींच्या नोकरानें त्यांच्या हातीं दिलेंच नव्हतें, हें मागाहून कळलें. मुलांचे कपडे आणि बोलणें पाहून स्टेशनमास्तरांस तीं ब्राह्मणांचीं मुलें वाटलीं, त्यांस दया आली, आणि त्यांनीं विचारपूस केली. मुलांनीं खरी जात सांगितली. मास्तरांचा चेहरा पालटला आणि ते दूर निघून गेले.

बाहेर गाड्या पुष्कळ होत्या, पण गाडीवान एकहि तयार होईना. अखेर एक जण दुप्पट भाड्यानें कबूल झाला, तोहि ह्या अटीवर कीं गाडी मुलांनींच हांकावी आणि आपण बाजूनें पायीं चालावें. बरोबर फराळाचें भरपूर होतें, पण पाण्याचा थेंब कोणी दिला नाहीं. रात्र जकातनाक्यापाशीं उपाशींच काढून मुलें दुसऱ्या दिवशीं अकराच्या सुमारास गोरेगांवास पोंचलीं.

ह्या गोष्टींतील त्या नव्या सदऱ्यांवर आणि रेशीमकांठी धोतरांवर माझी नजर खिळून राहते. एका बापाला आपल्या लेकरांसाठीं जें जें करतां येणें शक्य होतें तें त्यानें केलें होतें ; आणि तें इतकें चांगलें वठलें होतें कीं, मुलांनीं तोंडानें जात सांगेपर्यंत स्टेशनमास्तरहि फसले. घर जिंकलें, आणि पुढच्याच क्षणीं समाजानें त्याचें सारें केलेलें पुसून टाकलें. "घर चांगलें असलें कीं मूल चांगलें निघतें" हें आपलें लाडकें मत किती अर्धवट आहे, तें मसूरच्या फलाटावर कळतें. घराबाहेर दुसरें एक मोठें घर असतें, त्याचें नांव समाज ; आणि त्याच्या उंबऱ्यावर एखाद्या मुलाला अडविलें, तर आंतल्या माउलीनें किंवा बापानें किती करावें ?

आणखी एक प्रसंग त्याच घरांतला. रामजींनीं दुसरें लग्न केलें तें मुलाच्या मनास रुचलें नाहीं. साताऱ्याचे पुष्कळ तरुण मुंबईच्या गिरण्यांत कामाला जात, हें कानांवर होतेंच. आपणहि तसेंच जावें, स्वतःच्या पायांवर उभें राहावें असें भीमरावांनीं ठरविलें. आणि भाड्याच्या पैशांसाठीं शेजारीं निजलेल्या आत्याबाईंच्या कमरेची पिशवी काढून घेण्याचा तीन रात्रीं प्रयत्न केला. चौथ्या रात्रीं पिशवी हातीं आली. तींत अर्धा आणा होता !

चरित्रकार हा प्रसंग गमतीनें सांगतात, आणि त्यानंतर मुलानें मन लावून अभ्यास करण्याचा निश्चय केला असें जोडतात. तें खरेंच आहे. पण मला ह्या गोष्टीची गंमत वाटत नाहीं, भीति वाटते. त्या पिशवींत मुंबईच्या भाड्यापुरते पैसे असते तर ? साताऱ्याहून गिरणींत गेलेल्या हजारों पोरांत आणखी एक पोर मिळालें असतें, आणि भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा-समितीचें अध्यक्षपद कोणा दुसऱ्यानें भूषविलें असतें. मनुष्य घडण्यांत गुण असतो, घर असतें, समाज असतो. आणि कधीं कधीं केवळ एक अर्धा आणाहि असतो, हें यशस्वी लोकांनीं विसरूं नये. पुढें हें कुटुंब मुंबईस परळच्या चाळींतील एका खोलींत राहावयास गेलें, तेव्हां मुलाला झोपूं देऊन वडील रात्रीं दोनपर्यंत जागत, त्याला अभ्यासास उठवीत आणि मग स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठीं ते विवाहित मुलींकडून उसने पैसे आणीत, वेळीं त्यांचे दागिने मागत. १९०७ सालीं मुलगा मॅट्रिक झाला त्याच्या पाठीमागें हीं सारीं जागरणें आणि हीं उसनवारी होती.

दुसरें घर देवराष्ट्र्याचें. हें गांव आज सांगली जिल्ह्यांत येतें. यशवंतराव चव्हाणांचा जन्म तेथें आजोळीं १२ मार्च १९१३ रोजीं झाला. वडील बळवंतराव कोर्टांत बेलीफ होते. मुलें लहान असतांनाच ते प्लेगनें गेले. मातोश्री विठाबाईंस अक्षरओळख नव्हती. थोरल्या भावाला वडिलांच्या जागीं नोकरी मिळाली आणि घर कसेंबसें तगलें. यशवंतरावांनीं आपलें आत्मचरित्र 'कृष्णाकांठ' १९८४ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत ह्या मायमाउलीचें जें चित्र आहे, तें ज्या पालकांस आपण अडाणी असल्याची खंत वाटते त्यांनीं अवश्य वाचावें. शाळेंत एकदां शिक्षकांनीं मुलांस विचारलें, तुम्ही कोण होणार ? इतर मुलांनीं मोठमोठ्या पुरुषांचीं नांवें घेतलीं. ह्या मुलानें सांगितलें कीं मी यशवंतराव चव्हाणच होणार. आजचे कांहीं पालक अशा उत्तराला उर्मटपणा म्हणतील. ज्या घरांत मुलाला दुसऱ्या कोणासारखें हो म्हणून टोचलेलें नसतें, त्याच घरांतून असें उत्तर येतें, असें मला वाटतें.

१९३२ सालीं, कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत शिकत असतांनाच, सत्याग्रहांत भाग घेतल्याबद्दल यशवंतरावांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आई भेटीस गेली. माफी मागितल्यास मुलगा सुटेल असें तिला सुचविण्यांत आलें. घरीं गरिबी, मुलगा शिकून चार पैसे मिळवील ही आशा, आणि सुटकेचा मार्ग समोर उघडा. विठाबाईंनीं मुलाला माफी मागण्यास सांगितलें नाहीं. प्रकृतीस जपण्यास मात्र सांगितलें. पुढें तोच मुलगा १ मे १९६० रोजीं महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला, आणि आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या घरांतील विद्यार्थ्यांस फीमाफी देण्याची सवलत त्याच्याच राजवटींत रूढ झाली. ज्याच्या स्वतःच्या घरीं फीची चिंता होती त्याला दुसऱ्याच्या घरची चिंता दिसली, ह्यांत नवल नाहीं.

येथें एक फरक मात्र मोकळेपणानें सांगितला पाहिजे. दारिद्र्य दोन्ही घरांत होतें. किंबहुना रामजींचें घर विद्येच्या दृष्टीनें अधिक संपन्न होतें. तरीहि विठाबाईंच्या मुलाला वर्गांत गोणपाट न्यावें लागलें नाहीं, आणि पाण्यासाठीं शिपायाची वाट पाहावी लागली नाहीं. "गरिबी सर्वांना सारखीच" असें जे म्हणतात त्यांनीं हीं दोन बालपणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं.

तिसरें घर वाटेगांवचें, वाळवें तालुका. अण्णाभाऊ साठे ह्यांचा जन्म तेथें १९२० सालीं मातंग कुटुंबांत झाला. त्यांचा शाळेशीं संबंध अवघा दीड दिवसाचा. पोटासाठीं हें कुटुंब पायीं मुंबईस गेलें, आणि त्या मुलानें गिरणींत व इतरत्र पडेल तें काम करीत अक्षरें गिरविलीं. १९५९ सालीं त्यांची 'फकिरा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ह्यावरून आमचे कांहीं विद्यार्थी मोठा चतुर सिद्धांत काढतात कीं, शाळेवांचूनहि माणूस लेखक होतो ! बाळांनो, होतो खरा. पण त्याच रस्त्यानें मुंबईस चालत गेलेल्या इतर किती मुलांचीं नांवें तुम्हांस ठाऊक आहेत ? एकाचेंहि नाहीं. अण्णाभाऊंचें थोरपण जेवढें गावें तेवढें थोडें. परंतु तें गातांना त्या रस्त्याची स्तुति करूं नये.

सांगलीविषयीं दोन शब्द. वि. स. खांडेकर १८९८ मध्यें सांगलींत गणेश आत्माराम म्हणून जन्मले, आणि १९१६ मध्यें दत्तक गेल्यावर विष्णु सखाराम झाले. वडील माणसांनीं एक कौटुंबिक निर्णय घेतला आणि कृष्णेकांठचा मुलगा कोंकणांत गेला. तेथें शिरोडें गांवीं १९२० पासून १९३८ पर्यंत त्यांनीं शाळा चालविली. खेड्यांतील दारिद्र्य त्यांच्या लेखणींत उतरलें तें ह्या मुक्कामांत. दत्तविधान ठरविणाऱ्यांच्या मनांत मराठी कादंबरीचा विचार खासच नसेल.

आतां मी मूळ प्रश्नाकडे येतों. घर परिस्थितीशीं झुंजूं शकतें, पण ज्यांचें घरच मोडकें आहे आणि ज्यांच्यापुढें समाजाचें दारहि बंद आहे, त्यांचें काय ? ह्या प्रश्नाला आमच्या साताऱ्यानें जें उत्तर दिलें त्याचा मला अभिमान आहे. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कुंभोजचा, मूळ गांव वाळवें तालुक्यांतील ऐतवडें बुद्रुक. स्वतःचें शिक्षण इंग्रजी सहावीच्या पलीकडे गेलें नाहीं. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाडजवळ कालें येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं ती साताऱ्यास आणून तेथें वसतिगृह काढलें. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशा नाना जातींचीं मुलें तेथें एकत्र राहत, हातानें कामें करीत आणि एका पंक्तीस जेवत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याचें छत्रपति शाहू बोर्डिंग असें नामकरण झालें. विचार करा : ज्या साताऱ्यांत १९०० सालीं एका मुलाला गोणपाटावर वेगळें बसावें लागत होतें, त्याच साताऱ्यांत पंचवीस वर्षांच्या आंत हें घडलें. गांव तेंच आणि अजिंक्यताराहि तोच. मधल्या काळांत कोणी तरी परिस्थितीचा एक तुकडा स्वतःच्या हातांनीं बदलला होता.

पण बोर्डिंग म्हणजे केवळ तत्त्व नव्हे. बोर्डिंग म्हणजे रोज दोन वेळां धान्य. तें संपलें कीं तत्त्व उपाशी राहतें. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई चांगल्या सधन घरांतून आलेल्या होत्या. मुलांच्या जेवणासाठीं त्यांनीं अंगावरचे दागिने एकेक करून विकूं दिले, आणि शेवटीं एका अडचणीच्या वेळीं गळ्यांतील मंगळसूत्रहि काढून दिलें. ज्या काळांत सवाष्ण स्त्री तें क्षणभरहि गळ्यावेगळें करीत नसे, त्या काळांत परक्या पोरांच्या भाकरीसाठीं हें झालें. १९३० सालीं त्या निवर्तल्या. १९४० सालीं साताऱ्यांत निघालेलें महाराजा सयाजीराव हायस्कूल किंवा १९४७ सालचें शिवाजी कॉलेज त्यांनीं पाहिलें नाहीं. संस्थेच्या इतिहासांत भाऊरावांच्या नांवावर जितकीं पानें खर्चीं पडतात तितकीं ह्या बाईच्या नांवावर पडत नाहींत, ही माझी जुनी तक्रार आहे.

सुज्ञ पालकहो, हें सर्व जुनें झालें असें कोणी म्हणेल. कायद्यानें अस्पृश्यता गेली, गांवोगांव शाळा झाल्या, मुलींच्या हातांत पुस्तकें आलीं. हें सर्व खरें, आणि फार मोठें आहे. पण परिस्थिति नवीं रूपें घेते. खानापूर-आटपाडीकडचीं कितीतरी कुटुंबें सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठीं देशाच्या कानाकोपऱ्यांत पांगलीं आहेत. पैसा येतो, पण मुलें आजीआजोबांजवळ वाढतात. पाटण-जावळीकडील बाप मुंबईस माथाडीचें काम करतो आणि गणपतींत मुलाला भेटतो. आपल्याच साखर कारखान्यांच्या उसाच्या फडांत मराठवाड्याकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या पडतात, आणि त्यांतलीं पोरें आमच्या मुलांच्याच वयाचीं असून त्या वेळीं शाळेऐवजीं धाकट्या भावंडाला खांद्यावर घेऊन बसलेलीं असतात. आपण त्या रस्त्यानें रोज जातों. पैलवान कोठें उभा आहे असें वर विचारलें होतें. तो पुष्कळदां असा रस्त्याच्या कडेला उभा असतो.

माझ्या वर्गांत एक विद्यार्थी आहे, त्याचे आईवडील गलाईच्या धंद्यानिमित्त फार दूर असतात. रात्रीं आई दूरध्वनीवर बोलते. बाकी सारें आजी पाहते. प्रगतिपुस्तक देण्याच्या दिवशीं ही आजी येते, अंगठ्याला शाई लावून घेते, आणि नातवाकडून सगळे गुण मोठ्यानें वाचून घेते. गणितांत तो जरा कच्चा आहे हें मी सांगूं लागलों, तेव्हां तिनें मला मध्येंच थांबविलें.

"मास्तर, त्ये ऱ्हाऊ द्या. वर्गात त्येच्या शेजारी कोन बसतंय ?"

मला खरें सांगावयाचें तर राग आला. एवढीं वर्षें गेलीं तरी शेजारच्या मुलाची जात विचारण्याची खोड म्हाताऱ्या माणसांची जात नाहीं, असें मनांत येऊन मीं कांहींशा कोरडेपणानें म्हटलें कीं, येथें कोणीहि कोणाच्याहि शेजारीं बसतें.

"तसं न्हवं, मास्तर," आजी म्हणाली. "कोन का असंना. पोर घरी एकटंच असतंय. हितं तरी त्येला कुनी आपल्या शेजारी घेतंय का, येवढंच इचारत्ये."

मला उत्तर ठाऊक नव्हतें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत गेल्यावर मीं प्रथम तिसऱ्या बांकाकडे पाहिलें.